पौषातली पिकअप

मंडपवाल्याला पौष महिना खायला उठतो. लग्नं नाहीत, मुंजी नाहीत, वास्तुशांत नाही. कनाती गोडाऊनमध्ये उंदरांच्या स्वाधीन आणि कामाची पोरं गावाकडे. आमचे साडू अण्णा निफाडचे मंडप-डेकोरेटर. मार्गशीर्षात त्यांचा फोन लागत नाही, पौष लागला की तेच सकाळी सातला फोन करून "काय मास्तर, काय चाललंय?" विचारतात आणि आपण काय सांगतो ते न ऐकता तासभर बोलतात. अशाच एका तासाच्या शेवटी त्यांनी जाहीर केलं, की यंदाच्या पौषात चौघांनी स्पितीला जायचं. तेही त्यांच्या डबल केबिन पिकअपमधून.

कारणं दोन होती. अण्णांच्या नातवाने त्यांना मोबाइलवर हिमबिबट्या दाखवला होता, आणि अक्कांना, म्हणजे अण्णांच्या बायकोला, बर्फ बघायचा होता. अक्कांनी आजवर बर्फ पाहिला तो लग्नाच्या बुफेत, हंसाच्या आकाराचा.

"अण्णा, जानेवारीत तिथे पारा उणे वीसपर्यंत जातो म्हणतात," मी म्हटलं.

"मास्तर, निफाडच्या माणसाला थंडी सांगता?"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात पेपरात येतो आणि तो महाबळेश्वरच्या खाली गेला, की निफाड तालुका बोर्डात आल्यासारखा वागतो. पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात त्या घडांसाठी. माणसं मात्र मफलर गुंडाळून 'यंदा काही खास नाही' म्हणत हिंडतात.

"बरं, गाडीला हीटर आहे ना?"

"कंपनीचा हाय. आजवर वापरलेला नाही, कोरा करकरीत."

वस्तू वापरली नाही म्हणजे ती शाबूत असते, ही अण्णांची धंद्यातली समजूत. कनातींबाबत ती खरीही असेल. कंपनीचं नाव मी सांगत नाही. पुढे जे घडलं त्यात त्या बिचाऱ्या कंपनीचा काडीचाही दोष नव्हता.

निघताना हौदा रिकामा न्यायचा नाही म्हणून अण्णांनी त्यात गाद्या, लोड, सतरंज्या, दोन कनाती, ताडपत्री आणि नायलॉनच्या दोरीचं एक भेंडोळं टाकलं. तळाशी कुठल्याशा लग्नाचा एक फ्लेक्सही राहून गेला होता. परवाणूच्या टोलनाक्यावर पावती फाडणाऱ्याने "माल क्या है?" विचारलं, तेव्हा अण्णांनी मागच्या सीटकडे बोट दाखवून "दो बायका" असं सांगितलं. सुदैवाने त्याला यातला एकच शब्द कळला.

पण मी फारच पुढे आलो. मुंबई-आग्रा रस्त्याने धुळं, इंदूर असं करत उत्तरेत शिरेपर्यंत काही घडलं नाही. घडलं ते पानिपतच्या आसपास. मराठी माणसाचं पानिपतात काय होतं ते सांगायला नको. सकाळी आठला धुकं इतकं दाट, की आपल्याच गाडीचं बॉनेट ऐकीव माहितीवर मानावं लागत होतं. त्यात चौघांच्या श्वासाने काच आतून धुरकटली. अण्णांनी खिशातून तंबाखूची पुडी काढली, चिमूटभर ओलसर करून काचेवर फासली. पावसात ट्रकवाले हा उपाय काचेला बाहेरून करतात. आतून केल्यावर काच धुरकट होती ती धुरकट आणि पिवळी झाली.

"दाजी, हीटर लावा ना. काचेवर गरम हवा सोडली की धुकं जातं," आमच्या हिने मागून सांगितलं.

अण्णांनी नाइलाजाने बटण निळ्याकडून लाल खुणेकडे फिरवलं. नाइलाजाने अशासाठी, की हीटर डिझेल खातो अशी त्यांची खात्री होती. ही समजूत त्यांच्या एकट्याची नाही. एसी डिझेल खातो हे खरं आहे, कारण त्याचा कॉम्प्रेसर इंजिनाला ओढावा लागतो. हीटरचं तसं नाही. डिझेलमधून निघालेल्या शक्तीतला जेमतेम एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत पोचतो. बाकीची उष्णता काही धुराड्यातून जाते, काही इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यातून रेडिएटरमध्ये जाऊन वाऱ्यावर उडते. त्याच गरम पाण्याची एक फांदी डॅशबोर्डमागच्या लहानशा रेडिएटरमधून फिरवायची आणि त्यावर पंखा मारायचा, एवढाच मोटारीचा हीटर. फुकटची ऊब. लग्नात उरलेला मठ्ठा वाढप्यांना द्यावा, तसा हा प्रकार. हे मी अण्णांना त्यांच्याच धंद्याच्या भाषेत समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मठ्ठा उरत नाही, मास्तर. आपण माप घेऊनच करतो."

पंख्याने वारा सोडला. गार. अंबाला आलं, वारा गारच. "इतक्या वर्षांनी चालू झालाय, तापायला वेळ लागंल," अण्णा म्हणाले. चंदीगड गेलं, सोलन गेलं, शिमला आलं. हीटर निष्ठेने गार वारा देत होता.

शिमल्याच्या पुढे नारकंडा. उंची सत्तावीसशे मीटरच्या आसपास, रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढिगारे. अक्कांनी पहिला खरा बर्फ हातात घेतला आणि "हा आकाराचा नाही" अशी तक्रार केली. मग सतलजच्या खोऱ्याकडे लांबलचक उतार लागला आणि केबिनची शीतपेटी झाली. अण्णांच्या गाडीत मागच्या सीटला हवेची जाळीच नव्हती. पुढच्यांच्या पायांतून उरलीसुरली हवा मागे जायची. तेव्हा दोघी बहिणींनी गाडी थांबवायला लावून हौद्यातून दोन गाद्या आणि लोड आत घेतले. त्यांच्या बाजूला बैठकीच्या लावणीची व्यवस्था झाली. आम्ही दोघे पुढे कुडकुडत.

आता चौघांनी आजाराचं निदान करायला घेतलं. माझं मत फ्यूज. अण्णा म्हणाले, फ्यूज गेला असता तर पंखाच फिरला नसता. आणि ते बरोबर होतं. अण्णांचं मत उंची. हवा विरळ झाली की हीटर चालत नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मग पानिपतात का चालला नाही, याचं उत्तर त्या कुणीतरीने दिलं नव्हतं. अक्कांचं मत, देवदर्शनाला न थांबता पुढे आलो त्याचं हे फळ. आमची ही गादीतून मान बाहेर काढून बराच वेळ डॅशबोर्डकडे बघत होती.

"दाजी, तो तापमानाचा काटा कधी वर जातो का हो?"

अण्णांचा चेहरा उजळला. "कधीच नाही! हीच तर आपल्या गाडीची खासियत. कसारा घाटात लोकांच्या गाड्या तोंडातून वाफा काढत उभ्या असतात. आपला काटा पार तळाला. चार वर्षं झाली, गाडी तापली म्हणून नाही."

"मग इंजिनच तापत नसेल तर हीटरला गरम पाणी येणार कुठून?"

गाडीत शांतता पसरली. तशी ती गारठ्याने आधीच पसरलेली होती, पण ही वेगळी.

किन्नौरच्या वेशीवर तरांडा देवीचं मंदिर आहे. डोंगराचा उभा कडा कोरून काढलेला रस्ता, वर छत म्हणून तोच कडा, खाली खोल दरीत सतलज. इथे ट्रकवाल्यापासून एसटीवाल्यापर्यंत सगळे थांबून हात जोडतात. अक्कांनी नारळ फोडला. देवीने ऐकलं असं अक्का म्हणतात, कारण टापरी नावाच्या गावात आम्हाला मिस्त्री भेटला.

टापरी म्हणजे राष्ट्रीय महामार्ग पाचवरचा ट्रकवाल्यांचा थांबा. ढाबे, टायरवाले आणि सफरचंदांचे दिवस संपल्यामुळे ओळीने उभ्या मोकळ्या पिकअपा. त्यातल्या निम्म्या अण्णांच्याच गाडीच्या कंपनीच्या. मिस्त्री साठीचा असावा. डोक्यावर हिरव्या मखमली पट्टीची किन्नौरी टोपी, हातमोजे बोटांवर कापलेले. त्याने अण्णांचं सगळं भाषण ऐकलं, बॉनेट उघडलं आणि कुठल्याही हत्याराला हात न लावता नुसते हात पुढे केले.

निदानाची ही पद्धत मला फार आवडली. वैद्याने नाडी बघावी तशा तो नळ्या बघतो. इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यातून दोन रबरी नळ्या आत जातात. एकीतून गरम पाणी हीटरकडे जातं, दुसरीतून परत येतं. इंजिन तापल्यावर दोन्हींना हात लावायचा. दोन्ही गरम असतील तर पाणी नीट फिरतंय, दोष आतल्या हवेच्या पडद्यात. एक गरम, एक गार असेल तर आतलं जाळं गाळाने तुंबलेलं. दोन्ही कोमट असतील तर इंजिनच तापत नाही, किंवा पाणी कमी आहे. इतकं साधं. शंभर किलोमीटर आम्ही वाद घातला आणि उत्तर हाताच्या अंतरावर होतं.

फक्त आमच्या बाबतीत एक अडचण आली. मिस्त्रीचा हात त्या पत्र्याजवळ गेला आणि हवेतच थांबला. नळ्या आत जातच नव्हत्या. इंजिनाकडून आलेल्या दोन्ही नळ्यांची तोंडं पितळी तुकडा घालून एकमेकींना जोडून टाकलेली होती, दोन्ही बाजूंना चकचकीत क्लिपा. आतला हीटर संसारातून मुक्त होता.

"ये किसने किया?"

"हमारे उधर के मिस्त्रीने."

"किसलिए?"

अण्णांनी जरा आठवलं. "ठंडा रहने के लिए."

झालं होतं असं. दोन उन्हाळ्यांपूर्वी एसी नीट गार करेना. एका गॅरेजवाल्याने शोध लावला, की हीटरच्या गरम पाण्याची धग आत लागते. त्याने हीटरच तोडून टाकला. एसी सुधारला, अण्णा खूश.

मिस्त्रीने मान हलवली आणि थर्मोस्टॅटचं घर उघडलं. ही एक नाण्याएवढी झडप असते, तिच्या पोटात मेण. पाणी ऐंशी-नव्वद अंशांच्या घरात गेलं की मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि पाणी थंड व्हायला रेडिएटरकडे जातं. तोवर झडप बंद, म्हणजे इंजिन लवकर तापावं. आमच्या गाडीत घर होतं, झडप नव्हती.

"ये?"

"कसारा घाट में गाडी तापली थी. एक मिस्त्रीने निकाल दिया. बोला, अब कभी गरम नहीं होगी."

मिस्त्रीने टोपी काढून परत घातली. "ठंडा रहने के लिए," तो स्वतःच म्हणाला.

ही शस्त्रक्रिया महाराष्ट्रात शेकडो गाड्यांवर झालेली असेल. मूळ रोग सैल पट्ट्याचा किंवा तुंबलेल्या रेडिएटरचा, आणि काढून टाकतात तो थर्मोस्टॅट. गाडी तापायची थांबते हे खरं. ती कधीच तापत नाही, डिझेल जास्त पिते आणि गार इंजिन लवकर झिजतं, हे कुणी पावतीवर लिहून देत नाही. माणूस इतका खूश होऊन बाहेर पडतो की चार वर्षं कौतुकाने काटा दाखवत फिरतो.

आता मिस्त्रीलाच कुतूहल वाटू लागलं होतं. इंजिन गार होऊ दिल्यावर त्याने रेडिएटरचं झाकण काढून आत टॉर्च मारला. हिरवं किंवा गुलाबी कूलंट दिसायला हवं. दिसला तो टपरीवरचा चहा.

"बोर का पानी है," अण्णा अभिमानाने म्हणाले. "हमारे खुद के बोर का."

इथे मात्र मिस्त्री हसायचा थांबला. नाको-काझाकडे नुसतं पाणी घालून गेला असतात तर पहिल्याच रात्री ते गोठलं असतं, असं त्याने हिंदीत आणि हातवाऱ्यांत सांगितलं. पाण्याचा बर्फ होताना तो सुमारे नऊ टक्के फुगतो. त्याला फुगायला जागा हवी म्हणून इंजिनाचं ओतीव लोखंड सरकून बसत नाही, तडकतं. म्हणजे आम्ही ज्याच्यावर चिडत होतो त्या बिघडलेल्या हीटरनेच आमचं इंजिन वाचवलं. तो चालत असता तर आम्ही गाणी म्हणत थेट नाकोला पोचलो असतो.

मग दुरुस्ती सुरू झाली. ढाब्याच्या आत आम्हा चौघांना तंदूरपाशी बसवलं. किन्नौर-स्पितीत तंदूर म्हणजे रोट्यांची भट्टी नव्हे, घर उबदार ठेवणारी पत्र्याची शेगडी. मिस्त्रीने एका निकामी पिकअपमधून काढलेला थर्मोस्टॅट आणला आणि बसवण्याआधी आमच्यासमोर तपासला. ढाबेवाल्याकडून पातेलं घेतलं, पाण्यात झडप दोऱ्याने लोंबकळत सोडली आणि पातेलं तंदूरवर ठेवलं. पाण्यात बारीक बुडबुडे आले, वाफ आली, झडप ढिम्म. अण्णांचा चेहरा पडायला लागला. आणि पाणी उकळण्याच्या थोडं आधी ती पितळी चकती सावकाश, कुणी आतून ढकलावं तशी खाली सरकली आणि कडेने गोल फट पडली. टाळी वाजवावी इतकी हरखून आमची ही म्हणाली, "उघडली!" पातेलं खाली उतरवल्यावर ती तितक्याच सावकाश मिटली. ढाबेवाल्याने पाणी फेकून त्याच पातेल्यात चहा ठेवला. आम्ही तो घेतला नाही.

दोन्ही नळ्या त्यांच्या जागी गेल्या. हीटरच्या जाळ्यातून उलट्या दिशेने पाणी सोडलं, तेव्हा आधी गंजाची लाल धार आली, मग क्षारांच्या खपल्या, मग बऱ्याच वेळाने स्वच्छ पाणी. मग अर्धं कूलंट, अर्धं पाणी. हे मिश्रण उणे पस्तिसाच्या आसपास गोठतं. पुढची चाकं चढावर घेऊन, झाकण उघडं ठेवून, हीटर लाल खुणेवर लावून इंजिन चालू ठेवलं. अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडू लागली. ही हवा आत राहिली तर सगळं करूनही हीटर गारच राहतो.

काटा हलला. चार वर्षांत पहिल्यांदा. अण्णा त्याच्याकडे असे बघत होते की जणू मीटर रिक्षाचा आहे. अर्ध्यावर येऊन तो थांबला.

वारा मात्र अजून गार, आणि तोही फुंकर मारल्याइतका.

मिस्त्री डॅशबोर्डखाली उताणा शिरला. आतून त्याचा आवाज आला, "तार बंधा है जी." गरम-गार हवा मिसळणारा पडदा कुणीतरी बाइंडिंगच्या तारेने कायमचा गार बाजूला बांधून ठेवला होता. त्याने अण्णांना काही विचारलं नाही. अण्णांनीच हळूच सांगितलं, "ठंडा रहने के लिए."

तार कापली. मग सामानाचा कप्पा काढून त्याने हवेच्या फिल्टरची पट्टी ओढली. ती आपल्याबरोबर एक आख्खं बिऱ्हाड घेऊन बाहेर आली. लाल-पिवळ्या झालरीच्या चिंध्या, कनातीचा कापूस, मुंडावळ्यांतले दोन मोती आणि कुंकू लावलेल्या अक्षता. गोडाऊनमधल्या कुणा उंदराने आख्ख्या लग्नसराईची बेगमी करून ठेवली होती. मिस्त्रीने मूठभर अक्षता काढल्या, उरलेल्या पंख्याच्या खोलात गेल्या.

"अब बैठो, चेक करो," त्याने मला आणि हिला पुढच्या सीटवर बसवलं आणि पंखा पूर्ण जोरात लावला.

गरम हवेचा झोत आला. खरीखुरी, डोळे मिटावेत अशी गरम हवा. आणि तिच्याबरोबर, चारही जाळ्यांतून, उरलेल्या सगळ्या अक्षता. त्या आमच्या डोक्यावर, खांद्यांवर, हिच्या शालीवर पडल्या. अक्कांनी सवयीने हात जोडले. भर पौषात, टापरीच्या ढाब्यासमोर, माझं दुसऱ्यांदा लग्न लागलं आणि तेही पहिल्याच बायकोशी.

मिस्त्रीने पैसे इतके कमी सांगितले की अण्णांना कामाबद्दल शंका आली. त्याने निघताना तीन गोष्टी बजावल्या. रात्री हँडब्रेक ओढायचा नाही, तो जागच्या जागी गोठतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावायचा. रात्री बॉनेटवर पांघरूण घालायचं. आणि रेडिएटरचं अर्धं तोंड पुठ्ठ्याने झाकायचं, नाहीतर समोरचा वारा इंजिनाला तापू देत नाही. मात्र चढाला काटा वर सरकू लागला की लगेच काढायचं. पुठ्ठा आमच्याकडे नव्हता. अण्णांनी हौद्यातला फ्लेक्स काढला, दुमडला आणि नायलॉनच्या दोरीने गाडीच्या तोंडाला आवळून बांधला.

खाबला सतलज सोडून स्पिती नदीच्या काठाने आम्ही वर निघालो, तेव्हा गाडीच्या तोंडावर 'आपले सहर्ष स्वागत' अशी अक्षरं आणि त्याखाली नवरा-नवरीचे फोटो होते. दुमडताना नवऱ्याचा अर्धा चेहरा गेला होता. नवरी पूर्ण होती आणि हसत होती. नाकोत लोकांनी लग्न कुठे आहे ते विचारलं. सुमदोच्या चौकीवर जवानाने अक्षरं मोठ्याने वाचली, आत डोकावून चौघांची वयं पाहिली आणि काही न विचारता कागद परत दिले. इसवी सन ९९६ मध्ये उभारलेल्या ताबोच्या मठासमोर एका वृद्ध लामांनी त्या नवरीला बराच वेळ निरखलं. मठातली मातीची शिल्पं आणि चित्रं हजार वर्षं टिकली आहेत आणि आत हीटर नाही, हे अण्णांनी लक्षात आणून दिलं.

काझात रात्री गाडीला गाद्या, त्यावर कनात आणि वरून ताडपत्री, असा पूर्ण मंडप पडला. सकाळी गाडी तरीही सुरू होईना. दोष आमचा नव्हता. साध्या डिझेलमध्ये मेण असतं आणि अशा थंडीत ते साखळायला लागतं. लडाखसाठी २०१९ साली इंडियन ऑइलने उणे तेहेतीस अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल काढलं ते याचसाठी. आमच्या टाकीत मात्र खालच्या पंपावरचं साधं डिझेल होतं. शेजारच्या ड्रायव्हरने घमेल्यात निखारे आणून सरळ डिझेलच्या टाकीखाली सरकवले. अण्णांच्या धंद्यात कनातीजवळ उदबत्तीसुद्धा लावू देत नाहीत. ते तोंड फिरवून उभे राहिले आणि इंजिनाचा आवाज आल्यावरच वळले.

किब्बरला हिमबिबट्या दिसतो तो समोरच्या कड्यावर, दुर्बिणीतून, तोही नशिबात असला तर. हातभर लांबीच्या लेन्स लावून माणसं तासन् तास उभी असतात. आमच्या हिला शेपूट दिसलं. मला जे दिसलं तो खडक होता, असं नंतर सर्वानुमते ठरलं. अण्णा गाडीतून उतरलेच नाहीत. "बिबट्या काय बघायचा, आमच्या उसात रोज येतो," म्हणून ते हीटरच्या जाळीवर पाय ठेवून बसले. डिझेल इंजिन उभ्या गाडीत फारसं तापत नाही, काटा खाली येऊ लागतो. तेव्हा ते मधूनमधून रेस देत, काच बोटभर उघडी ठेवत आणि सायलेन्सरच्या तोंडाशी बर्फ साचलेला नाही ना ते मला बघायला पाठवत. हळूहळू एकेक फोटोग्राफर हात चोळत येऊ लागला. बंगळुरूचा एक, कोलकात्याचे दोघे, एक फ्रेंच बाई. अण्णा प्रत्येकाला आत घेत, अक्का लाडू देत. बिबट्या खरोखर खाली उतरला तेव्हा निम्मी मंडळी आमच्या गाडीत लाडू खात होती, असं म्हणतात.

परत आल्यावर फाल्गुनात अण्णांची गाडी सर्व्हिसिंगला गेली. गॅरेजवाल्याने काटा अर्ध्यावर बघितला आणि चिंतेने म्हणाला, "अण्णा, गाडी तापायला लागली. थर्मोस्टॅट काढून टाकू का?" अण्णांनी त्याला हात लावू दिला नाही. एसीसाठी मात्र तो पडदा पुन्हा तारेने बांधून घेतला. उन्हाळा समोर होता, त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही.

तुम्ही पौषात वर जाणार असाल तर निघण्याआधी गाडी वीस किलोमीटर फिरवा आणि काटा कुठे थांबतो ते बघा. अर्ध्याच्या आसपास आला तर ठीक. तळालाच राहिला तर आजवरच्या सगळ्या मिस्त्रींना फोन करून कुणी काय काढलं ते विचारून घ्या, आणि रेडिएटरमधलं बोरचं पाणी घरीच काढून कूलंट भरा. बाकी काही लागलं तर टापरीत मिळेल. चहा मात्र त्या पातेल्यातला घेऊ नका.